शिडी धरणारा

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

प्रभूमध्ये सलाम.

‘आता माफ कर त्यांना’ हे तुझे चार शब्द मला केवढ्याला पडले ते आधी ऐक, मग बाकीचं. तुझं पत्र मी दुकानात, हातात कॉइल असताना उघडलं, ही पहिली चूक. तारेच्या वेढ्यांचं गणित चुकलं. पिठाच्या गिरणीची मोटर संध्याकाळी बसवून दिली, बटण दाबलं, तर ती अशी घुमायला लागली की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. पुन्हा खोलली. सगळी तार कापून भंगारात, आणि पहिल्यापासून सुरुवात. गिरणीवाला मला बोलला, मी गिरणीवाल्याला बोललो, तो तडक पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात गेला. माझा चहा गार झाला. घरी येऊन बायकोवर विनाकारण डाफरलो. तिने ताट वाढलं, पण शेजारी बसली नाही. रविवारी पाळकसाहेब कशावर बोलले ते विचारू नकोस. एवढं सगळं गेलं, आणि माफी अजून दिलेलीच नाही. दिली असती तर काय भाव पडला असता, देव जाणे.

तू विसरली असशील असं नाही, पण मी विसरलेलो नाही हे कळावं म्हणून लिहितो. अकरा वर्षं झाली. बिस्किटांच्या कारखान्यात भिंतीतला उंचावरचा पंखा उतरवायचा होता. मी वर, तुझा नवरा खाली, शिडी धरून. भागीदारी तेव्हा आम्हा दोघांची होती. फरशीवर तेल सांडलेलं, म्हणूनच तर धरायला माणूस लागत होता. चार मशीनं धडधडत होती, तरी मी त्यांच्या चपला ऐकल्या. उजवी चप्पल फरफटत टाकायची त्यांची सवय. फरफट लांब जात होती. मी ‘दाजी’ म्हणून हाक मारायला तोंड उघडलं आणि शिडी सटकली.

गुडघ्याचं मला काही वाटत नाही. हाड मोडतं, जुळतं. हे वाकडं जुळलं, एवढंच. पण दाजी सगळ्यांसमोर काय म्हणाले? ‘मी शिडी धरलेलीच होती. त्याचाच पाय घसरला.’ मी चपलांचं सांगितलं, तर मॅनेजर हसला. म्हणे, एवढ्या गोंगाटात चप्पल ऐकू येते होय? ज्या कानांवर मी पोट भरतो, त्या कानांना त्या माणसाने चारचौघांत खोटं पाडलं.

तेव्हापासून प्रभूची प्रार्थना म्हणताना, दुसऱ्यांची ऋणं सोडल्याची, म्हणजे त्यांना माफ केल्याची, ती ओळ आली की मी तोंड मिटतो. पुढची ओळ आली की पुन्हा उघडतो. खोटं बोलायचंच असेल तर निदान देवाशी नको.

आणि तुझं ते पत्र दाजींनीच सांगून लिहवून घेतलं असणार, हे मला कळत नाही असं समजू नकोस. त्यांना म्हणावं, आता माझी स्वतःची शिडी आहे. खाली फाकवलेले लोखंडी पाय, पायांना रबरी टाचा. धरायला माणूस लागत नाही. दुकानासारखीच ती मी एकट्याने उभी केली. लिहून ठेव ताई, या जन्मात माझी शिडी दुसरा कुणी धरणार नाही.

तुझा,
ससा


१९ फेब्रुवारी

ससोबा,

लहानपणी तुझे कान बघून मीच तुला ससा म्हणायला लागले. तेव्हा वाटलं होतं, कानांबरोबर अक्कलही वाढेल.

तुझ्या दाजींना मी पत्र लिहिते हेच माहीत नाही. माहीत झालं असतं तर त्यांनी पाकीट फाडलं असतं. ते तुझ्याइतकेच हट्टी आहेत, फक्त त्यांचा हट्ट बोलत नाही. शीतगृहातली नोकरी, तिथली यंत्रं आणि ते. घरी येतात तेव्हा सोबत थंडी घेऊन येतात.

मी लिहिलं त्याचं कारण वेगळंच आहे. तुझ्या भाचीचं लग्न ठरलं. मे महिन्यात, आमच्याच चर्चमध्ये. मुलगा शाळेत शिकवतो, कमी बोलतो. तुझ्या भाचीशेजारी तसाच टिकेल. तिने मला बजावलंय, ‘मामा आला नाही तर पहिल्या बाकावर त्याची जागा रिकामी ठेवीन, आणि कोणी विचारलं तर कोणाची ते मोठ्याने सांगेन.’ सांगेल ती. तुझ्याच वळणावर गेली आहे.

राहिला प्रश्न माफीचा. शास्त्र तूही वाचतोस. किती वेळा क्षमा करायची याला मोजमाप ठेवलेलं नाही, हे तुला पाठ आहे. तू मात्र पहिल्याच वेळेला अडून बसलास. मनात गाठ ठेवून देवापुढे उभं राहायचं, आणि वर त्याचीच फुशारकी! एक ओळ गाळतोस म्हणे. बाकीच्या ओळी तुझ्या बापाच्या आहेत का?

आमच्या चर्चमधला वेदीवरचा पंखा असा किंचाळतो की प्रवचन ऐकू येत नाही. लग्नातही किंचाळणार. तू आलास तर तुझ्या कानांचं काय होईल हीच काळजी. पण ये.

तुझी,
ताई


२ मार्च

प्रिय ताई,

सलाम. भाचीचं ऐकून आनंद झाला. मास्तरला माझा नमस्कार आणि थोडी सहानुभूती सांग.

आता माझं ऐक. मोटर आजारी असली की मी आधी खोलत नाही, कान लावतो. बेअरिंग गेलं तर घरघर येते, वेढा जळला तर हुंकार येतो. तुझ्या पत्राला मी तसाच कान लावला. दोनदा वाचलं. आवाज एकाच माणसाचा येतो. ‘ते येतात’, ‘ते बोलत नाहीत’, ‘मी लिहिलं’. अख्ख्या पत्रात ‘आमच्या’ आहे ते चर्चपुरतं, ‘आम्ही’ एकदाही नाही. पोरीचं लग्न ठरलं, तेही नुसतं ‘ठरलं’. कोणी ठरवलं? एका घरात राहणाऱ्या बाईचं पत्र असं नसतं, ताई. शेजारणीबद्दलसुद्धा माणूस याहून जास्त लिहितं.

आणि दुसरं. आईला माती दिली तो दिवस आठव. दाजी फाटकाबाहेर थांबले होते, तू माझ्या डाव्या हाताला उभी होतीस. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. ती ओळ आली, मी तोंड मिटलं. शेजारी तूही मिटलंस. मला वाटलं हुंदका आला असेल. पण पुढच्या ओळीला तुझा आवाज खणखणीत होता. हुंदका असा बरोबर एका ओळीपुरता येत नाही. त्या दिवशी मी काही बोललो नाही. आईसमोर भांडण नको होतं.

तेव्हा आता मला सांग. तू दाजींना माफ केलंस का? नसेल केलं, तर मला शास्त्र शिकवू नकोस. माझ्या बापाच्या ओळी काढतेस! तो तुझाही बाप होता.

तुझा,
ससा


९ एप्रिल

ससोबा,

महिनाभर लिहिलं नाही. राग आला होता. आधी तुझा, मग तुझं खरं असल्याचा.

हो. नाही केलं माफ. काय करशील?

तुझा गुडघा गेला, माझं माहेर गेलं. तू दार लावून घेतलंस आणि आम्हाला गाव सोडावं लागलं. आई दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हा मी तिच्या उशाशी नव्हते, पाहुण्यासारखी उन्हात माती द्यायला आले. हे सगळं एका वाक्यापायी, ‘मी धरलेलीच होती’. ते खोटं आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. कसं, ते सांगते. तुझ्या दाजींना चहाचं व्यसन होतं, आठवतंय ना? तू त्यांना किटली म्हणायचास. ज्या दिवशी तू पडलास त्या दिवसापासून त्यांनी चहाला तोंड लावलेलं नाही. कोणी दिला तर ‘नको’ म्हणतात आणि उठून जातात. मी कधी विचारलं नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही.

मी ताट वाढते आणि स्वयंपाकघरात जाऊन जेवते. ते बाहेर जेवतात. पोरीला वाटतं मोठी माणसं अशीच जेवतात. रविवारी आम्ही एका बाकावर बसतो, मध्ये प्रार्थनेची पुस्तकं ठेवतो.

पाळकबाई मला म्हणाल्या होत्या, ‘तुमच्यासारखी शांत बाई मंडळीत दुसरी नाही.’ मी मान डोलावली. शांत कसली, थंड. शीतगृह त्यांच्या कामावर नाही, आमच्या घरात आहे.

तू पकडलंस. आता पुढचंही तूच सांग, एवढा शहाणा आहेस तर. पण कोणी मला ‘विसरून जा’ म्हणालं तर मी ऐकणार नाही, आधीच सांगते.

तुझी,
ताई


१५ एप्रिल

प्रिय ताई,

सलाम. तुझं पत्र वाचून दुकान लवकर बंद केलं. राग नाही. बरं वाटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा तू माझ्याशी आईच्या आवाजात बोललीस.

‘विसरून जा’ आमचे पाळकसाहेबही म्हणाले होते, पाटीवरची अक्षरं पुसावी तसं पुसून टाका म्हणे. मी म्हटलं, ‘साहेब, मी विसरीन हो, पण तुमच्या घराच्या जिन्यावर हा गुडघा मला आठवण करून देतो, त्याला कोण सांगणार?’ भला माणूस आहे. हसला, आणि पुढच्या वेळेपासून मला भेटायला स्वतः खाली उतरतो.

मला शास्त्रातलं तुझ्याइतकं कळत नाही, मला मोटर कळते. जळलेल्या मोटरवर नवी तार गुंडाळता येत नाही. आधी जुनी काढावी लागते, आणि ती नुसती ओढून निघत नाही, वार्निशने चिकटून बसलेली असते. तापवायची, कापायची, खाचा खरवडायच्या. हात काळे होतात. मग एक वेढा, दुसरा वेढा. घाई केली की तार सोलवटते आणि पहिल्याच दिवशी पुन्हा जळते. लोकांना वाटतं माफी म्हणजे बटण. दाबलं की दिवा. मी अकरा वर्षं ते बटण शोधत होतो आणि मिळत नाही म्हणून देवावर रुसलो होतो. बटण नसेलच, ताई. वेढे असतील.

तर असं करू. आपण दोघं त्या ओळीला गप्प असतो. येत्या रविवारपासून मी पहिला शब्द म्हणतो. एवढाच. जेवढा खरा वाटेल तेवढा. तू तिकडे तुला जमेल तो वेढा घाल. तोंडी लावायला मोठमोठे शब्द नकोत. आणि तू मागे राहिलीस तर मी हसणार.

तुझा,
ससा


२८ एप्रिल

ससोबा,

हसू नकोस, मीच पुढे आहे.

सोमवारी मी माझं ताट बाहेर आणलं आणि त्यांच्या समोर बसले. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग छताकडे, मग विचारलं, ‘स्वयंपाकघरात पाणी गळतंय का?’ मी म्हटलं, ‘नाही.’ ते म्हणाले, ‘मग?’ मी म्हटलं, ‘जेवा.’ जेवलो. मंगळवारी ते पाना घेऊन स्वयंपाकघरातला नळ तपासून आले, खात्री करायला. गुरुवारी मला उशीर झाला, तर ताट तसंच ठेवून बसून राहिले होते. अन्न निवून गेलं होतं.

मला अजून राग येतो. समोर बसल्यावर जास्तच येतो, कारण चावताना त्यांचा जबडा वाजतो. पण रविवारी मध्ये पुस्तकं ठेवायचं मी विसरले. खरंच विसरले, मुद्दाम नाही. तुझ्या त्या ओळीपर्यंत पोचले आणि दोन शब्द म्हटले. तिसरा आला नाही.

लग्न २४ तारखेला. आता तरी येतोस ना?

तुझी,
ताई


५ मे

प्रिय ताई,

सलाम. दोन शब्दांबद्दल अभिनंदन. मी अर्ध्या ओळीपर्यंत आलो आणि खोकलो. शेजारच्या म्हातारबाबांनी खिशातून खडीसाखर काढून दिली. माझ्या तोंडात खडीसाखर असेपर्यंत मंडळी ‘आमेन’ म्हणून मोकळी झाली.

पण लग्नाला येणार नाही. भाचीला सांग, जागा खुशाल रिकामी ठेव, नाव मोठ्याने घे, मला लाज नाही.

का ते ऐक. मी त्या माणसाचं वाईट चिंतायचं सोडलं आहे. परवा प्रार्थनेत त्यांचं नाव घेतलं, चांगल्यासाठी घेतलं, दात आवळून का होईना. हे माझं आणि देवाचं. ते मी करत राहीन, त्यांनी काही केलं नाही तरी. पण हात हातात देणं हे दोघांचं काम आहे. ‘मी धरलेली होती’ हे वाक्य अजून उभंच आहे. त्या वाक्यावर पाय ठेवून मी पहिल्या बाकापर्यंत चालत यायचं? लोक म्हणतील, बघा, अखेर मान्य केलं त्याने, पाय त्याचाच घसरला होता. मी माफ करीन, पण खोट्याला खरं म्हणणार नाही. कोणी म्हणेल की हे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. मग न शोभो. माझा प्रभू कुणाच्या खोट्यावर पांघरूण घालत फिरला नाही.

हे पत्र दाजींना दाखवलंस तरी चालेल.

तुझा,
ससा


१२ मे

मेहुणे यांस,

सलाम.

तुमच्या बहिणीने पत्र दाखवलं. मग आधीची सगळी मीच मागून घेतली.

मी शिडी सोडली होती. दाराशी चहाचा गाडा आला होता. वाटलं, दोन मिनिटांत येतो. कप हातात होता तेव्हा तुम्ही पडलात. चपलांचा आवाज तुम्ही बरोबर ऐकला. मॅनेजरसमोर खोटं बोललो, कारण घाबरलो. पुढे तेच म्हणत राहिलो, कारण एकदा म्हटलं होतं.

काल प्रार्थना संपल्यावर उभा राहून हे आमच्या मंडळीला सांगितलं. तुमच्या पाळकसाहेबांनाही वेगळं लिहिलं आहे, त्यांनी तिकडे वाचून दाखवावं.

माफी मागत नाही. मागितली तर तुम्हाला द्यावी लागेल, आणि तुमच्यावर तशी सक्ती करायचा मला हक्क नाही. जे झालं ते सांगितलं.

लग्नाला या किंवा येऊ नका. पोरगी वाट बघते.

तुमचा,
दाजी


१८ मे

दाजी,

पत्र पोचलं. पाळकसाहेबांनी दुसरं पत्र उपासनेत वाचलं.

मी विसरलेलो नाही. विसरणारही नाही. अकरा वर्षं परत मिळत नाहीत, आणि आईच्या उशाशी ताई नव्हती ते कुठल्याच पत्राने भरून येत नाही. तुम्हालाही तसं वाटत नसावं, म्हणून लिहितो.

बावीस तारखेला येतो. भावाने बहिणीकडे यायला कुणाची परवानगी लागत नाही. माझी लोखंडी शिडी बसमध्ये घेत नाहीत. नाहीतर आणली असती. चर्चमधल्या त्या पंख्याला तुमच्याकडे कुणी तेल घालत नाही का?

ससा


३ जून

ससोबा,

पोहोचलास, गुडघा शेकतोस ना? इथून निघालास तेव्हा बसमध्ये चढताना तू मुद्दाम न लंगडल्याचं दाखवलंस. मी बघितलं.

घर रिकामं वाटतं. पोरीने पहिलं पत्र पाठवलं, अर्ध्या पत्रात मास्तरांचं कौतुक आणि अर्ध्यात ‘मामाने प्रार्थनेत किती बेसूर आवाज लावला!’ खरंच बेसूर होतास. पण ओळ पूर्ण म्हटलीस, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मी कान देऊन ऐकत होते. माझीही झाली पूर्ण. शेवटचा शब्द जरा कच्चा आहे, पण पुढच्या रविवारी पुन्हा म्हणायची आहेच. एकदा म्हणून संपणारी गोष्ट नाही ती, हे आता कळायला लागलंय. परवा जबडा वाजला तेव्हा मी पुन्हा स्वयंपाकघरात उठून गेले होते. मग परत आले.

एक मात्र तू सांगितलं नाहीस, तुझ्या दाजींनीही नाही. लग्नाच्या आदल्या दुपारी तुम्ही दोघं चर्चमधून आलात ते कोपरापर्यंत काळे, आणि दोघांच्या तोंडाला कुलूप. दुसऱ्या दिवशी पंखा असा फिरला की शपथा शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेल्या. तू वर चढल्याशिवाय हे होत नाही. आमच्या चर्चची लाकडी शिडी किती डुगडुगते ते मला माहीत आहे. फरशी गुळगुळीत. मग तू चढलास कसा? शिडी कोणी धरली?

तुझी,
ताई


१० जून

प्रिय ताई,

सलाम. गुडघा ठीक आहे. भाचीला सांग, बेसूर तिचा मास्तर होता, मी त्याला सावरत होतो.

पंख्याचं बेअरिंग कोरडं पडलं होतं. कुणीतरी कधीकाळी स्वयंपाकाचं तेल घातलेलं, ते चिकट होऊन बसलं होतं. तुमच्या मंडळीत असले हुशार लोक आहेत म्हणून तुमच्यासाठी प्रार्थना करतो. ते खरवडायलाच वेळ गेला. मान वर करून, एका पायावर भार देऊन, दुसरा पाय वाकत नाही म्हणून पायरीच्या बाहेर लोंबता. या वयात कुणी असलं करू नये. मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नसतं.

काम निम्म्यावर आलं असेल, तेवढ्यात बाहेर अंगणातून मांडववाल्यांपैकी कुणीतरी ओरडलं, ‘चहा आलाय!’ माझे हात वर, मोटर उघडी, स्क्रू तोंडात. मी काम थांबवलं आणि कान दिला. तुला माझे कान माहीत आहेत. फरशीवर उजवी चप्पल फरफटण्याची वाट बघत होतो. पंखा बंद, चर्च रिकामं, सुई पडली तरी ऐकू आली असती. पुन्हा हाक आली. फरफट आली नाही. मी खाली बघितलं नाही. पुढचा स्क्रू लावला.

उतरलो तेव्हा कुणीतरी दोन कप आणून बाकावर ठेवून गेलं होतं. दोघांनी घेतला. दाजींनीही. पार गार झाला होता, वर साय धरली होती.

तू विचारलंस म्हणून सांगतो. शिडी दाजींनी धरली होती.

तुझा,
ससा